गो-कार्टचा ट्रॅक : चालकाच्या आसनावरून

रुग्णालयाची इमारत उभी राहत असताना स्ट्रेचर ढकलणाऱ्या वॉर्डबॉयचे मत सहसा कोणी विचारीत नाही. नकाशावर काटकोनात वळलेला व्हरांडा नीटनेटका दिसतो. पुढे अत्यवस्थ रुग्णाला नेताना स्ट्रेचर त्याच कोपऱ्यात अडकते आणि मग त्या नीटनेटकेपणाची किंमत सर्वांना कळते. गेली काही वर्षे मी हौसेने गो-कार्ट चालवितो आहे. या छंदात मला त्या कोपऱ्याची अनेकदा आठवण झाली. हौशी लोकांसाठी असलेले कित्येक ट्रॅक असेच, कधी कार्टमध्ये न बसलेल्या माणसाने कागदावर आखल्यासारखे वाटतात. ट्रॅक चालकाच्या आसनावरून आखला तर तो अधिक आनंद देतो आणि अधिक सुरक्षितही होतो, हे माझे मत मी येथे मांडू इच्छितो.

प्रथम या वाहनाविषयी थोडे. 1956 साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगेल्स या कारागिराने लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर एक छोटे दोन-स्ट्रोक इंजिन बसवून पहिली कार्ट तयार केली. सुरुवातीच्या काळात ती मोकळ्या पार्किंगच्या जागेत चालविली जाई. तेथपासून हा खेळ जगभर पसरला. आयर्टन सेना आणि मायकेल शूमाकर यांच्यासारख्या चालकांचे पहिले धडे कार्टवरच झाले. आपल्या शेजारी कोल्हापुरातही मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. म्हणजे हा खेळ आपल्या परिसराला अगदीच परका नाही.

कार्टला स्प्रिंग नसतात, शॉक ॲबसॉर्बर नसतात. मोटारीला असणारा डिफरन्शियलही नसतो. मागची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट जोडलेली असल्यामुळे ती सारख्याच वेगाने फिरतात. वळणावर मात्र आतल्या चाकाला बाहेरच्यापेक्षा कमी अंतर कापायचे असते. हा पेच सुटतो तो स्टिअरिंग वळविल्यावर आतले मागचे चाक किंचित उचलले जाते म्हणून. त्यासाठी कार्ट काही एका वेगाने वळणात शिरावी लागते. भाड्याने मिळणाऱ्या कार्टला साधारण 200 सीसीचे, पाच-सहा अश्वशक्तीचे इंजिन असते. अशी कार्ट केसाच्या पिनेसारख्या अरुंद वळणात घातली की चाक उचलले जात नाही, मागची चाके फरफटतात, इंजिन गुदमरते आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर वेग धरेपर्यंत तो पट्टा संपलेला असतो. कागदावर अशी पाच-सहा वळणे मोठी थरारक दिसतात. प्रत्यक्षात ती बैलगाडीच्या गतीची ठरतात.

दुसरी गोष्ट दृष्टीची. कार्टचा चालक जमिनीपासून जेमतेम दोन इंचांवर बसलेला असतो आणि त्याचे डोळे सुमारे अडीच फुटांवर असतात. चार टायरांची रासही जवळजवळ तेवढीच उंच असते. ती वळणाच्या आतल्या बाजूला रचली की वळण कोठे संपते हे चालकाला दिसतच नाही. आखणी करणाऱ्याने ट्रॅक वरून पाहिलेला असतो, त्यामुळे त्याच्या ध्यानी हे येत नाही. राउंड घेताना आपण उभे असतो आणि रुग्ण आडवा असतो. त्याच्या डोळ्यांवर येणारा छतावरचा दिवा आपल्याला कधी खुपत नाही, तसाच हा प्रकार आहे. आतली कड ठेंगणी आणि मोकळी ठेवली, तर तेच वळण चालकाला वाचता येते.

तिसरी गोष्ट रुंदीची. वळणातील वेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. टायरची पकड वजनाइतकी धरली, तर 10 मीटर त्रिज्येच्या वळणातून ताशी सुमारे 36 किलोमीटरने जाता येते आणि 13 मीटर त्रिज्येतून सुमारे 41 ने. चालक बाहेरच्या कडेने शिरून आतल्या कडेला स्पर्श करतो आणि पुन्हा बाहेर येतो, तो ही त्रिज्या वाढविण्यासाठीच. कार्टिंगची सारी गोडी त्या वाटेच्या शोधात आहे. ट्रॅक अरुंद केला की शोधण्यासारखे काही उरत नाही; सर्वांना एकामागून एक, रुळांवरून जावे तसे जावे लागते. पुढच्याला ओलांडण्याची संधी हवी असेल, तर बऱ्यापैकी लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी सावकाश घ्यावयाचे वळण हवे आणि त्याचे तोंड ऐसपैस हवे. पट्टा फार लांब करण्यात मात्र अर्थ नाही. कार्टने कमाल वेग गाठल्यानंतरचे अंतर म्हणजे नुसते बसून राहणे.

चौथी गोष्ट शरीराची. हेल्मेटसह डोके तोलून धरणारी मान प्रत्येक वळणाला बाहेर ओढली जाते. सगळी मोठी वळणे एकाच दिशेची असली, तर दहा मिनिटांत एका बाजूचे स्नायू थकतात. डावी-उजवी वळणे आलटून पालटून ठेवली, तर श्रम वाटले जातात आणि लयही सापडते. जपानमधील सुझुका हा ट्रॅक जॉन ह्यूगेनहोल्ट्झ यांच्या आखणीनुसार 1962 साली तयार झाला. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा असल्याने त्यात दोन्ही दिशांचा तोल साधला आहे.

आता सुरक्षिततेविषयी. एका ट्रॅकवर सरळ पट्ट्याच्या टोकाला, वळणाच्या बाहेरच्या बाजूस, हातभर अंतरावर सुट्या टायरांची भिंत होती. माझा ब्रेक क्षणभर उशिरा लागला. पुढचे चाक दोन टायरांच्या फटीत रुतले, कार्ट जागच्या जागी फिरली आणि आसनाची कड माझ्या बरगडीत घुसली. बरगडी मोडलेल्या रुग्णांना मी वर्षानुवर्षे "खोल श्वास घ्या, खोकला दाबू नका" असे बजावीत आलो होतो. पुढचे तीन आठवडे तो सल्ला मला स्वतःला पाळता येईना.

चूक माझीच होती. परंतु शिकणारा माणूस चुकणारच. उशिरा ब्रेक लावल्यावर कार्ट दहा-पंधरा फूट मोकळ्या जागेत गेली असती, तर पुढच्या फेरीत मी तो थोडा अगोदर लावला असता. एकच चूक प्रत्येक फेरीत थोडी थोडी सुधारीत जाणे हाच या खेळाचा आनंद आहे. टायरांची भिंत तो आनंद आणि बरगडी दोन्ही एकदमच हिरावून घेते. ताशी 60 च्या वेगातील आघाताची ऊर्जा 40 च्या वेगातील ऊर्जेच्या सव्वादोनपट असते. म्हणून मोकळी जागा सगळीकडे सारखी वाटून न देता ती वेगवान पट्ट्यांच्या शेवटी द्यावी. टायर एकमेकांना घट्ट बांधून त्यांवर गुळगुळीत पट्टा लावावा, म्हणजे कार्ट रुतणार नाही, घसरून पुढे जाईल. मागचा फिरता आस आणि साखळी पूर्ण झाकलेली असलीच पाहिजे. लांब केस वा ओढणी त्यात अडकून जीवघेण्या दुखापती झाल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत. या बाबतीत कोणतीही सबब चालवून घेऊ नये.

डॉक्टरांनी अशा धोक्याच्या छंदाची भलामण करावी का, असा प्रश्न काही ज्येष्ठ सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. मात्र वेगाची ओढ तरुणांना आपल्या परवानगीने लागत नाही. बेळगावला लागून राष्ट्रीय महामार्ग जातो आणि त्यावर ही ओढ भागविणारे तरुण रात्री-अपरात्री आपल्याकडेच आणले जातात, हे अपघात विभागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. ट्रॅक झाला की महामार्ग निर्धोक होईल, असा माझा दावा नाही. समोरून ट्रक येणार नाही अशा जागी ब्रेकची आणि पकडीची मर्यादा स्वतःच्या हातांनी अनुभवता यावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.

यासाठी पैसा प्रथम लागत नाही. डांबर पडण्यापूर्वी मोकळ्या मैदानावर फक्कीने आखणी करावी, कोन मांडावेत आणि सावकाश वेगात एक सराईत व एक अगदी नवखा अशा दोन चालकांना फिरवावे. नवखा जेथे गोंधळेल आणि सराईत जेथे कंटाळेल, तेथील रेषा पुसून पुन्हा आखावी. फक्की पुसायला झाडू पुरतो, डांबर उखडायला लाखो रुपये लागतात. आपल्या परिचयातील कोणी असा ट्रॅक उभारण्याच्या विचारात असेल, तर आपण डॉक्टर मंडळींनी उद्घाटनाचे निमंत्रण येईपर्यंत थांबू नये. फक्की पडते त्या दिवशीच तेथे जावे आणि शक्य असेल तर एकदा त्या आसनावर बसूनही पाहावे.