कागदाचा उंबरठा

नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणाला आपल्या समाजात उपदेशाची वाण कधीच पडत नाही. न्यूनगंड झटकून टाक, आत्मविश्वास बाळग, इंग्रजीची भीती सोड, असे त्याला शाळेच्या स्नेहसंमेलनापासून स्पर्धा-परीक्षेच्या शिकवणी वर्गापर्यंत सर्वत्र ऐकविले जाते. या उपदेशाच्या मुळाशी एक गृहीत असते. ते असे की, माणसाच्या वाटेतील अडथळा त्याच्या स्वतःच्या मनात असतो आणि मन घट्ट केले की वाट मोकळी होते. हे गृहीत सर्वस्वी खोटे आहे असे कोणी म्हणणार नाही. नळदुर्गसारख्या गावातून पुण्याला मुलाखतीस गेलेला पदवीधर विषय पक्का ठाऊक असूनही चार माणसांसमोर अवाक होतो, आणि आपल्या बोलीचा हेल कोणी हसण्यावारी नेईल या धास्तीने निम्मे उत्तर गिळून टाकतो, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांच्या परिचयाचा असेल. परंतु त्यावर इलाज आहे. आठवीपासून मुलांना वर्गात उभे करून बोलते केले, तर ही भीती दोन वर्षांत बरीचशी ओसरते. प्रश्न आहे तो धीर एकवटूनही ज्यांच्यासमोरचे दार उघडत नाही, अशांचा.

त्यांचा विचार करताना नळदुर्गचेच उदाहरण डोळ्यांपुढे येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील कित्येक गावे जमीनदोस्त केली. हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली आणि मागे राहिलेल्यांत आई-वडील गमावलेली मुले होती. पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाचे त्यांचे सहकारी यांनी या मुलांसाठी नळदुर्ग येथे ‘आपलं घर’ उभे केले. त्या मुलांवर कोसळलेल्या दुःखाहून अधिक व्यक्तिगत असे काय असू शकेल? तरीही नुसत्या धीराच्या शब्दांवर ती सावरली नसती. त्यांना छप्पर, जेवण आणि शाळा लागत होती, आणि संध्याकाळी नावाने हाक मारणारे कोणी तरी लागत होते.

अशा कोणत्याही संस्थेपुढे आणखी काही वर्षांनी दुसरा प्रश्न उभा राहतो. कायद्याच्या दृष्टीने अठरा वर्षे पूर्ण झाली की बालपण संपते आणि बालगृहाचा आसरा सुटतो. घरातल्या मुलाला अठराव्या वर्षी आपण धड एकटे सोलापूरलासुद्धा पाठवीत नाही. अनाथ मुलाला मात्र त्याच वयात सगळे आयुष्य एकट्याने मांडावे लागते.

अमृता करवंदे यांची हकिगत या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्या गोव्यातील अनाथाश्रमात वाढल्या. अठरा वर्षांच्या होताच आश्रम सोडून पुण्याला आल्या, पहिली रात्र त्यांनी रेल्वे स्थानकावर काढली. मिळेल ते काम करीत, दिवसा राबून आणि रात्री शिकून त्या पदवीधर झाल्या आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस बसल्या. उपदेशकांना जे जे हवे असते ते सारे, जिद्द, कष्ट, चिकाटी, त्यांच्यापाशी होते. गुणही पडले. अडले ते एका दाखल्यापाशी! महिलांसाठी राखीव जागेचा लाभ घ्यावयाचा तर उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र हवे, आणि ते मिळविण्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाचा पुरावा हवा. ज्या मुलीला कुटुंबच नाही, तिने कोणाचे उत्पन्न दाखवावे? उत्पन्न शून्य आहे हे सांगण्यासाठीसुद्धा घर असावे लागते, अशी ही विलक्षण तऱ्हा होती.

येथे त्यांच्या मनात कोणता अडसर होता? काहीच नव्हता. अर्जाच्या नमुन्यात त्यांच्यासारख्या माणसासाठी रकानाच नव्हता. त्यांनी हा प्रश्न थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत नेला आणि जानेवारी २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अनाथांसाठी शिक्षण व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षणाचा निर्णय घेतला. एका मुलीच्या नापास झालेल्या अर्जामुळे राज्याचा नियम बदलला, ही गोष्ट लहान नाही. मात्र तो नियम बदलेपर्यंत तिच्यासारखे किती जण निमूटपणे परत फिरले असतील आणि आपलेच काही तरी कमी पडले असे मानून बसले असतील, याची कोठे मोजदाद नाही.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचा अनुभवही याच जातीचा. बालपणीच दृष्टी गेलेल्या या मुलीने केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण केली; तिला रेल्वेच्या लेखा सेवेत स्थान मिळाले आणि रेल्वेने अंधत्वाचे कारण देऊन नेमणूक नाकारली. परीक्षा घेणाऱ्याला जे चालले ते नेमणूक देणाऱ्याला चालले नाही. प्रांजल पुन्हा परीक्षेस बसल्या, वरचा क्रमांक मिळवून प्रशासकीय सेवेत गेल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या. त्यांच्या जिद्दीचे कौतुक वृत्तपत्रांनी भरभरून केले. नकार देणाऱ्या कार्यालयाने काय शिकावे, याची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

मराठवाड्याला कागदाची किंमत निराळी सांगावी लागू नये. २०२३ मध्ये निजामकालीन दप्तरे धुंडाळली गेली, तेव्हा जुन्या नोंदवहीतील एका शब्दावर नातवंडांचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे घराघरांत कळले. नळदुर्ग तर एके काळी जिल्ह्याचे नाव होते. आज त्याच गावाचा तालुका तुळजापूर आणि जिल्हा धाराशिव. रोजंदारीवर जगणाऱ्याला तेथे एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे. तीन खेपा झाल्या की अर्जाची मुदत संपते. टेबलाशी बसलेल्या कारकुनाला यात खलनायक ठरविणे अन्यायाचे होईल. नियम त्याने केलेले नाहीत, आणि चुकीचा दाखला दिला तर चौकशी त्याच्याच मागे लागते. पण कोणकोणती कागदपत्रे लागतील हे पहिल्याच भेटीत, एकाच चिठ्ठीवर लिहून देणे त्याच्या हातात निश्चितच आहे. ‘आज हा नाही, उद्या तो आणा’ या दोन वाक्यांनी जितकी माणसे खचतात, तितकी न्यूनगंडाने खचत नसतील.

अनाथ असल्याचे प्रमाणपत्र महिला व बालविकास विभागाकडून मिळते. संस्थेत वाढलेल्या मुलाची निदान तेथे नोंद तरी असते. मामाकडे, चुलत्याकडे किंवा आजीपाशी वाढलेल्या मुलाची नोंद फक्त शाळेच्या रजिस्टरात, तीही घाईने लिहिलेली. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलेले, जन्मतारीख अंदाजाने घातलेली. दहावीचे अर्ज मंडळाकडे जाण्यापूर्वी हे दुरुस्त होऊ शकते; गुणपत्रिका छापून आल्यावर त्याच दुरुस्तीसाठी शपथपत्रे आणि हेलपाटे वाढत जातात. म्हणून नववीचे वर्ष संपताना वर्गशिक्षकाने अशा मुलांची यादी करावी, जुने दाखले ताडून पाहावेत आणि पालक म्हणून सही करणाऱ्या आजीला किंवा चुलत्याला शाळेत बोलावून ती नोंद एकदा वाचून दाखवावी. एका वर्गात अशी तीन-चारच मुले निघतील. काम एका दुपारचे आहे.