‘सिस्टीमला ओके दिसतंय’ हे उत्तर चालणार नाही!

मंडळी, स्मार्ट मीटरवरून आपल्याकडे भांडण एकाच गोष्टीवर चाललंय: बिल वाढणार की नाही. ते भांडण करूच. माझा प्रश्न वेगळा आहे. हा मीटर ऑफिसशी बोलतो कसा, आणि त्याचं बोलणं कुणी अडवलं तर कळणार कुणाला?

मीटर दोन प्रकारे बोलू शकतो. एक, मोबाईलसारखं सिम घालून. दोन, रेडिओच्या जाळीने: माझ्या मीटरचा निरोप शेजाऱ्याच्या मीटरकडे, तिथून पुढच्या गल्लीत. आग विझवायला बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसं. मधल्या एकानेच बादली जरा धरून ठेवली तर?

हे माझ्या मनाचं नाही. अमेरिकेतल्या राईस विद्यापीठाच्या कुझमानोविच आणि नाइटली यांनी २००३ साली दाखवून दिलं की नेटवर्क पाडायला धो धो मारा लागतच नाही. इंटरनेटवर निरोप पोचला नाही की पाठवणारा साधारण १ सेकंद थांबून परत पाठवतो. पुन्हा अडला तर २ सेकंद, मग ४. हल्लेखोराने फक्त त्या नेमक्या वेळी क्षणभर गोंगाट करायचा, बाकी वेळ गप्प. सरासरी काढली तर किरकोळ गर्दी दिसते, काम मात्र ठप्प! या हल्ल्याला त्यांनी चिचुंद्रीचं नाव दिलं. २००४ मध्ये नाइटली आणि इतरांनी बिनतारी जाळीतला भाऊ दाखवला, ‘जेलीफिश’. मधलं यंत्र सगळे नियम पाळतं, फक्त निरोप उशिरा किंवा उलटसुलट क्रमाने सोडतं. नियम पाळतंय म्हणून सापडत नाही. फाईल नाकारायची नाही, नुसती पुढे सरकवायची नाही. हा प्रकार आपल्याला नवा आहे का?

काही जण म्हणतील, ‘सेलूवर हल्ला करायला कोण येतंय?’ अहो, जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या इंटरनेट कंपन्यांवर प्रचंड मारा झाला, तो सगळ्यांना दिसला, गुन्हाही दाखल झाला. मोठा मारा दिसतो. हळू मारा दिसत नाही, आणि त्याला फार खर्चही येत नाही. बरं, हल्लेखोर सोडा. १२ ऑगस्ट २०२० ला, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात चुकीच्या आदेशाने लाखाहून जास्त स्मार्ट मीटरची वीज गेली होती. दुरून वीज तोडता येते म्हणजे काय, ते तिथल्या लोकांना विचारा.

आता आपल्या गल्लीत या. थकबाकी भरली, पावती हातात, पण ‘वीज जोडा’ हा आदेश जाळीत अडकला. घरात आजारी म्हातारं माणूस, बारावीचं पोर. फोन केला तर उत्तर: सिस्टीमला सगळं ओके दिसतंय. दिसणारच! सरासरी बघणाऱ्याला चिचुंद्री दिसत नसते.

सेलूत असा हल्ला झालाय असं मी म्हणत नाही. पण उद्या झाला तर सिद्ध कशाने करणार? माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये सेवा अडवणाऱ्याकडून भरपाईची सोय आहे, कलम ६६ मध्ये ३ वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदच नसेल तर कायदा काय कामाचा?

म्हणून महावितरणकडे चार मागण्या:

१) सेलूतले मीटर सिमवर आहेत की जाळीवर, वॉर्डानुसार जाहीर करा.
२) प्रत्येक मीटरचा निरोप कधी निघाला, कधी पोचला, याची नोंद ठेवा आणि ग्राहकाने मागितली की द्या. सरासरी नको.
३) पैसे भरूनही ठरलेल्या वेळेत वीज आली नाही, तर वायरमनने येऊन जोडून द्यायची. नेटवर्कचं कारण सांगायचं नाही.
४) जाळीची सुरक्षा तपासणी त्रयस्थाकडून करा. ठेकेदारानेच ठेकेदाराला पास करायचं, हे बंद.

यात मीटरला विरोध कुठेच नाही. पण तोडायचं बटण तुमच्या हातात, तर जोडण्याची जबाबदारीही तुमचीच. निवेदन तयार करतोय. ज्यांना सही करायची त्यांनी खाली नाव टाका.

#सेलू #स्मार्टमीटर