केसपेपरवर नसलेला प्रश्न

संशोधक किती मोठा, हे मोजण्याचे आजचे माप सोपे आहे. शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचे संदर्भ किती वेळा दिले, एवढे पाहिले जाते. मात्र त्या संशोधनाने रुग्णाकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली का, हे या आकड्यांत दिसत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी यांचे काम त्यासाठी पाहण्यासारखे आहे.

बंगळुरूच्या ‘निम्हान्स’मध्ये येण्यापूर्वी डॉ. अल्लाडी हैदराबादच्या ‘निझाम्स इन्स्टिट्यूट’मध्ये होत्या. तेथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ३९१ जण एकापेक्षा अधिक भाषा बोलत. एकभाषिकांच्या तुलनेत त्यांच्यात आजाराची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली होती. हा निबंध २०१३ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात आला आणि जगभर चर्चिला गेला.

असा निष्कर्ष २००७ मध्ये टोरांटोहून एलन बियालिस्टॉक यांनीही मांडला होता. तेव्हा आक्षेप असा होता, की तेथील द्विभाषिक बहुतेक स्थलांतरित. फरक भाषेमुळे की स्थलांतरामुळे, कसे सांगणार? हैदराबादेत घरी तेलुगू आणि बाजारात दख्खनी बोलायला कोणाला देश सोडावा लागत नाही, शाळेतही जावे लागत नाही. तेथील निरक्षर रुग्णांतही हा फरक आढळला. जे टोरांटोत तपासता आले नाही, ते आपल्याकडच्या रुग्णालयात तपासता आले.

दोन भाषा येणाऱ्याचा मेंदू बोलताना एक भाषा निवडतो आणि दुसरी आवरून धरतो. या रोजच्या सरावाने राखीव ताकद साठत असावी, असे मानले जाते. आजार टळत नाही, लक्षणे लांबतात. या गटाने २०१६ मध्ये पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आकलनशक्ती शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत सुमारे ४० टक्के, तर एकभाषिकांत २० टक्के होते.

वाद मात्र मिटलेला नाही. निरोगी वृद्धांचा अनेक वर्षे मागोवा घेणाऱ्या काही अभ्यासांत, उदाहरणार्थ न्यूयॉर्कमध्ये, असे संरक्षण दिसले नाही. तेव्हा भाषा हे औषध आहे, असे कोणी समजू नये.

तरीही हा प्रश्न आपल्या दारातला आहे. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या परिसरात घरात गुजर बोली किंवा अहिराणी, शेतात भिली-पावरी, कचेरीत मराठी आणि सीमेपलीकडच्या नातेवाइकांशी गुजराती चालते. इतक्या बोली सांभाळणाऱ्या आजीला आपण ‘अंगठाछाप’ म्हणतो. ती विसरू लागली की घरचे म्हणतात, ‘वय झालं.’ दवाखान्यात आणलीच, तर आम्ही डॉक्टर तिला शंभरातून सात वजा करायला सांगतो, वाक्य लिहायला सांगतो. जी शाळेत गेलीच नाही, तिला ते न जमणे हा आजार नव्हे. उलट, शिक्षण नसल्याचे कारण पुढे करून खरा आजारही नजरेतून सुटतो.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय रुग्णांसाठी स्मृती-आकलनाच्या चाचण्यांचा संच तयार केला. त्याच्या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती. अहिराणी, भिली तर दूरच. नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. निरक्षरांना चालतील अशा चाचण्या इथल्या बोलींत बसवणे हे त्याचे काम ठरावे. त्याआधी, आजपासून, एक गोष्ट खर्चाविना होऊ शकते. विसरभोळेपणाची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर तीन ओळी लिहाव्यात: कोणत्या भाषा बोलता, शाळा किती, त्रास कधीपासून. हैदराबादचा तो निबंध अशा नोंदींवरच उभा राहिला. आपल्याकडे रुग्ण आहेत, भाषा आहेत. नोंद तेवढी नाही.