जुनी मोटार आणि झाकलेला दोष

जुनी मोटार घेणारा बहुधा रंग पाहतो. दोष मात्र गिअरबॉक्समध्ये दडलेला असतो. चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच घसरतो आहे असे समजावे. क्लचप्लेट बदलून भागले तर ठीक; परंतु गिअरबॉक्सच उघडावा लागला, तर खर्च कित्येकदा जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून सौद्यापूर्वी गाडी विश्वासू मिस्त्रीस दाखवावी.

विकणाऱ्यासही आमचे सांगणे आहे. ज्या गुप्त दोषाने घेणाऱ्याचे नुकसान होते, तो दडवून वस्तू विकणे हा अन्याय होय, अशी १२७४ साली निवर्तलेल्या संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. दोष सांगितल्याने किंमत थोडी उतरेल. पण कर्ज काढून गाडी घेणाऱ्या शेजाऱ्याचा घास आपण हिरावला नाही, हे समाधान उरेल.