वाटेतले तास कुणाच्या खात्यावर?

९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान सोलापूरला उतरले आणि जिल्ह्यात आनंदीआनंद झाला. होटगी रस्त्यावरचे विमानतळ सुरू व्हावे म्हणून सोलापूरकर वर्षानुवर्षे भांडत होते. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाच्या वाटेत येते, यावरून मोठा वाद झाला. जून २०२३ मध्ये ती पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०२४ रोजी उद्घाटन झाले आणि पुढच्या वर्षी एकदाचे विमान उडाले. पाठोपाठ मुंबईची सेवाही सुरू झाली. व्यापाऱ्यांची, उद्योजकांची, पुढाऱ्यांची सोय झाली. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ते विमान चालवणारा माणूस कुठून येतो, कसा येतो, रात्री झोपून येतो की जागून येतो, हे कुणी विचारले नाही. ते आम्ही विचारणार आहोत. कारण उद्या त्या खुर्चीत आमचीच पोरे-पोरी बसायच्या आहेत.

समजा, माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा आपल्या वस्तीतला एक मुलगा वैमानिक झाला. छोट्या शहरांना जोडणाऱ्या सत्तर-बहात्तर आसनांच्या एटीआर विमानावर त्याला सहवैमानिकाची नोकरी मिळाली. कंपनीने त्याला ‘बेस’ दिला गोव्यातील मोपा. बेस म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते ते ठिकाण. वेळापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे घाट उतरून मोपा. तीनशे किलोमीटरच्या वर रस्ता. सकाळच्या उड्डाणासाठी त्याला आदल्या दिवशीच घर सोडावे लागते. एसटी बदल, जीप पकड, रात्री कुठेतरी अंग टाक आणि पहाटे गणवेश चढवून हजर हो. त्यातही थट्टा अशी की, त्याचेच विमान सोलापूरला उतरते. तिथून आई सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. पण प्रवासी उतरले, नवे चढले की अर्ध्या-पाऊण तासात त्याला परत उडायचे आहे. सुट्टीच्या दोन दिवसांतला एक जाण्यात आणि एक येण्यात संपतो. कंपनीच्या कागदावर मात्र त्याची विश्रांती पूर्ण झालेली असते!

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, ‘पायलटला लाखांत पगार असतो, त्याचे कसले रडगाणे? गोव्यात घर घ्यावे आणि राहावे.’ आम्ही या आक्षेपाला बगल देणार नाही. पैसेवाल्याच्या मुलाला हे सहज जमते. आमच्या मुलाला का जमत नाही, ते पाहा. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला बारावीचे भौतिकशास्त्र व गणित लागते, वैद्यकीय तपासणी लागते आणि किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्याचा खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. परवाना मिळाला तरी विशिष्ट विमानाच्या प्रशिक्षणाचा खर्च वेगळा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राच्या ‘टॉप क्लास’ योजनेत खासगी उड्डाण क्लबच्या शुल्कासाठी वर्षाला ३.७२ लाख रुपयांची मर्यादा घातली गेली होती. मग उरलेले पैसे कुठून आले? शेताचा तुकडा गेला, बापाचा फंड गेला, बँकेचे कर्ज डोक्यावर बसले. पहिली काही वर्षे पगार येतो तो हप्त्यात जातो. त्यातून धाकट्या बहिणीची फी, आईचे औषधपाणी. त्यात बेसच्या गावी भाड्याचे दुसरे बिऱ्हाड कसे मांडायचे? आणि आडनाव ऐकल्यावर ‘खोली दुसऱ्याला दिली’ म्हणणारे घरमालक आजही आहेत, हे आमच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. म्हणून अंतर सर्वांना सारखे नसते. ज्याच्या मागे चार पिढ्यांची पुंजी आहे तो ते पैशाने मिटवतो. ज्याच्या मागे काही नाही तो ते झोपेने मिटवतो.

ही झोप किती महाग पडते, ते अमेरिकेने पाहिले आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचे ३४०७ क्रमांकाचे विमान नेवार्कहून बफेलोला जाताना कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक, असे ५० जण मेले. ही प्रादेशिक सेवा देणारी कंपनी होती. सहवैमानिक तरुणी सिअॅटलजवळ राहत होती. नेवार्कच्या बेसवर येण्यासाठी तिने रात्रभर विमाने बदलत अख्खा देश ओलांडला होता. कॅप्टनचे घर फ्लोरिडात. त्याने कर्मचाऱ्यांच्या खोलीत रात्र काढली होती. चौकशीत अपघाताचे मुख्य कारण कॅप्टनची चुकीची कृती हेच ठरले. मात्र थकव्यामुळे दोघांच्याही कामावर परिणाम झाला असण्याची शक्यता तपास यंत्रणेने नोंदवली. कंपनीच्या नेवार्कमधल्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण दूरवरून ये-जा करत होते, हेही पुढे आले. सहवैमानिकाचा पगार इतका तुटपुंजा होता की, नेवार्कसारख्या महागड्या भागात घर करणे तिला परवडणारे नव्हते. त्यानंतर तिथे कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांचे नियम कडक झाले. पण घरापासून बेसपर्यंतची वाट ही ज्याची त्याची जबाबदारीच राहिली.

आपल्याकडे काय झाले? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम काढले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आणली. कंपन्यांनी विरोध केला, अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. डिसेंबर उजाडताच इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि विमानतळांवर माणसांचे लोंढे अडकून पडले. पुरेसे वैमानिक वेळेवर तयार ठेवणे ही कंपनीची जबाबदारी होती. पण सरकारने सवलत कुणाला दिली? कंपनीला! रात्रपाळीच्या नियमातून तिला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये, हा निर्देशही मागे घेतला गेला. म्हणजे अडचण आली की सर्वांत आधी कात्री लागते ती काम करणाऱ्याच्या झोपेला. जिथे कागदावरच्या विश्रांतीची ही गत, तिथे वाटेत गेलेल्या तासांना कोण विचारतो?

आमच्या समाजाला हा हिशोब नवा नाही. महार वतनात आमच्या बापजाद्यांनी तो सोसला आहे. सरकारी कागद घेऊन तालुक्याला पळा, साहेबाच्या घोड्यापुढे धावा, दिवस असो की रात्र. स्वतः घरी नसला तर बापाने नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी जावे. चाललेल्या कोसांची मजुरी नाही, जागलेल्या रात्रीचा मोबदला नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा चोवीस तासांच्या या बांधिलकीवरच त्यांनी बोट ठेवले. पुढे मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती करून बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. माणसाचा वेळ मालकाच्या मालकीचा नाही, हे तत्त्व त्यामागे होते. वैमानिकाची आणि वतनदार महाराची तुलना करून पूर्वजांच्या दुःखाला आम्ही हलके करू इच्छित नाही. वैमानिकाला पगार आहे, प्रतिष्ठा आहे, नोकरी सोडण्याची मुभा आहे. पण कामापर्यंत पोहोचण्याचा भार कामकऱ्याच्याच पाठीवर टाकायचा, ही रीत मात्र जुनीच आहे.

आणि ती एकट्या वैमानिकाला छळते असे नाही. मुक्कामी एसटीचा चालक-वाहक रात्री गाडीतच आडवा होतो आणि पहाटे तीच गाडी बाहेर काढतो. कसारा-कर्जतहून पहिली लोकल पकडून मुंबईचे रस्ते झाडायला येणारी आमची माय आठ तास कामाचे आणि चार-पाच तास वाटेचे भरते. म्हणून मागणी सर्वांची मिळून असली पाहिजे. कामाचे वेळापत्रक पुरेसे आधी हातात द्या. लांबून येणाऱ्याला कामाच्या ठिकाणी झोपण्याची चांगली सोय द्या. ‘मी थकलो आहे, आज चालवणार नाही’ असे सांगणाऱ्याला शिक्षा करू नका. वैमानिकाच्या बाबतीत बेस ठरवताना त्याचे घर विचारात घ्या, आणि ते शक्य नसेल तर राहण्याचा खर्च उचला. शिष्यवृत्ती परवान्यापाशी थांबवू नका. पुढच्या प्रशिक्षणाचाही खर्च द्या.

शेवटी दोन शब्द आपल्याच माणसांना. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण होते. जानेवारी २०२२ मध्ये ती टाटांकडे गेली आणि तो दरवाजाही बंद झाला. रायबरेलीजवळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमीत राखीव जागा आहेत, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? वस्तीतला एखादा पायलट झाला की आम्ही १४ एप्रिलला त्याचा फलक लावतो, हार घालतो, फोटो काढतो आणि मोकळे होतो. तो पुढे कुठे राहतो, कसा येतो-जातो, किती झोपतो, याची विचारपूस करत नाही. तोही मग आडनाव झाकून, थकवा झाकून एकटाच लढत राहतो. शिकला, पण संघटित झाला नाही. त्याने आपल्या वैमानिक संघटनेत हा प्रश्न मांडावा आणि चळवळीने त्याच्या पाठीशी उभे राहावे. पालखीच्या वाटेवरच्या वेळापूरला चालण्याचे कौतुक पुष्कळ आहे. पण वारकरी आपल्या मर्जीने चालतो. पोटासाठी जो चालतो, त्याच्या वाटेचा हिशोब मागितलाच पाहिजे. जयभीम!