माफक किंमतीचा लॅपटॉप

नातवास अभ्यासाबरोबर खेळहि साधतील असा लॅपटॉप माफक किंमतींत कसा निवडावा, असें एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारिलें आहे. दुकानदार प्रोसेसरच्या नांवाची थोरवी गातात. परंतु खेळांची खरी भिस्त स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर असते. २०२३ सालीं निघालेलें ६ जीबीचें ‘आरटीएक्स ४०५०’ आमच्या मतें पुरेसें आहे. मात्र हेंच कार्ड कारखानदार ३५ पासून ११५ वॉटपर्यंत हव्या त्या मर्यादेवर बसवितात. नांव एक, बळ निराळें! तेव्हां वॉटचा आंकडा विचारल्यावांचून पैसे मोजूं नयेत. रॅम १६ जीबी, तीहि दोन पट्ट्यांत असावी. कांहीं यंत्रांत ती डाख देऊन कायमची बसविलेली असते. मग पुढें वाढविण्याची वाटच खुंटली. घरचा हिशेब व पत्रव्यवहार याच यंत्रावर सुखानें होईल. वजन व पंख्याचा घोंघाट तेवढा सोसावा लागेल, आणि खेळतांना विजेची तार जोडलेलीच हवी, कारण बॅटरीवर कार्डाचें बळ ओसरतें.