जमेची बाजू विचारायची कशी?

समुपदेशकाकडे पहिल्या-दुसऱ्या भेटीत एक प्रश्न हमखास येतो : "तुमच्या जमेच्या बाजू कोणत्या?" इथे दुबई-शारजात तो बहुधा इंग्रजीतून येतो. समोर बसलेली आपली बाई ओढणीच्या टोकाशी चाळा करत म्हणते, "तसं विशेष काही नाही." समुपदेशक कागदावर टिपून ठेवतो, आत्मविश्वास कमी. माझ्या मते इथे बाईचं काही चुकलेलं नसतं, प्रश्न चुकीचा असतो.

स्वतःची टिमकी वाजवायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. मूल मोठ्या आजारातून उठलं की आपण एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतो, देवाचे उपकार मानतो, डॉक्टरांचे गुण गातो. तीन रात्री उशाशी कोण बसलं होतं, हे ताटाभोवती कुणी बोलत नाही, आणि बसणारीलाही ते सांगण्याजोगं वाटत नाही. रीत वाईट आहे असं नाही. पण अशा घरात वाढलेल्या माणसाला आपले गुण घडाघडा म्हणून दाखवायला सांगणं म्हणजे न शिकवलेल्या धड्यावर परीक्षा घेणं.

त्यात हा परमुलूख. गावी आपल्याबद्दल बोलायला चार माणसं असतात. ही बाई वीस वर्षं बालवाडी चालवत होती, हा गडी कुठलीही मोटर दुरुस्त करतो. अमिरातीत ती कागदोपत्री नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बायको आणि तो कंपनीचा हेल्पर. काही वर्षांनी माणसाला स्वतःलाही तेवढंच खरं वाटू लागतं.

अमेरिकेत २००४ साली ख्रिस्टोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी माणसाच्या चांगल्या गुणांची यादी केली. एकूण २४ गुण. त्यावरून प्रश्नावली झाली आणि अनेक समुपदेशक ती भरून घेतात. ती टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. ज्याला शब्दच सापडत नाहीत त्याला यादीचा आधार होतो. आपला एखादा ठळक गुण आठवडाभर रोज नव्या तऱ्हेने वापरणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही फायदा दिसला, असं सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलं. मात्र ती माणसं स्वतःहून वेबसाइटवर आलेली होती. गंमत अशी की या चोवीसात विनयही आहे. तेव्हा "विशेष काही नाही" म्हणणाऱ्या बाईला निदान त्या रकान्यात तरी बरे गुण पडायला हरकत नाही!

वॉर्डात पाळी बदलताना आम्ही पुढच्या सिस्टरला पेशंटची खबर द्यायचो. "पेशंट धीराचा आहे" असं कुणी लिहीत नसे. लिहायचो ते असं : स्वतःच्या हाताने अर्धी पोळी खाल्ली, काठी धरून संडासापर्यंत जाऊन आला. त्यावरून पुढचीला कळायचं की कुठे हात द्यायचा आणि कुठे सोडायचा. मनाच्या दुखण्यातही हेच करावं. माणूस कसा आहे हे विचारू नये, त्याने काय केलं ते विचारावं. मिलवॉकीचे स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या दांपत्याने आपली उपचारपद्धती अशाच प्रश्नांवर उभी केली. इतकं सगळं असताना आजवर निभावलंत कसं? त्रास थोडा कमी होता त्या दिवशी वेगळं काय होतं?

मराठीत हे असं चालेल :

"कसले निभावतेय? दिवस ढकलते."

"ढकलते म्हणजे काय करता? कालचाच सांगा."

"सकाळी उठवतच नाही. पण मुलीची बस सव्वासहाला. डबा तर करावाच लागतो. या महिन्यात दोनदा बस चुकली."

बाईच्या लक्षात ते दोनच दिवस आहेत. बाकीच्या दिवशी बस मिळाली, ती कुणामुळे? इथे "वा, किती ग्रेट!" म्हणू नये. ते तिला खोटं वाटेल आणि ती गप्प होईल. विचारावं, "उठवत नसताना जमवता कसं?" मग कळतं की ती रात्रीच भाजी चिरून, कणीक मळून ठेवते. उद्याची सकाळ वाईट जाणार हे ओळखून ती आदल्या रात्री तयारी करते. याला नाव तिलाच देऊ द्यावं. मग पुढे जाता येतं : रात्रीच आणखी काय ठरवून ठेवता येईल? गोळी डब्यात काढून ठेवणं? बहिणीला फोनची वेळ सांगणं?

गुण द्यायचे ते कृतीला, अख्ख्या माणसाला नव्हे, असं अल्बर्ट एलिस सांगत. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी त्यांचे विचार मराठीत रुजवले. आज डबा झाला नाही तर डबा झाला नाही, एवढंच.

याला मोठी पदवीच लागते असंही नाही. गोव्यात 'संगथ' संस्थेने साध्या माणसांना शिकवून १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. त्यांचाही भर माणूस दिवसभरात काय करतो यावर होता. तीव्र नैराश्याच्या सगळ्या रुग्णांना नेहमीचे उपचार होतेच. जोडीला या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत सावरले, बाकीच्यांपैकी ३९ टक्के.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. "किती सोसलंत, किती खंबीर आहात!" हे वाक्य समुपदेशकाने जपून वापरावं. ज्या बाईवर हात उगारला जातो, ज्या कामगाराचा पगार महिनोन् महिने अडकला आहे, त्याच्या सोशिकपणाचं कौतुक करणं म्हणजे त्याला तिथेच परत धाडणं. तिने पासपोर्टची प्रत वेगळ्या पिशवीत ठेवली, त्याने पगाराच्या पावत्या जपल्या, दोघांनी कुणाला तरी सांगितलं, ही त्यांची ताकद. तिच्याबद्दल बोला. भारत सरकारच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा इथला फुकट नंबर ८००४६३४२ आहे. बाहेर फुटेल म्हणून घाबरणाऱ्यांसाठी : २०२३ च्या १० क्रमांकाच्या संघीय कायद्याने १९८१ चा जुना कायदा जाऊन मनोरुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आला आहे.

आणि जगणं नको झालं असं कुणी म्हणालं तर त्या क्षणी गुण शोधत बसू नका. स्पष्ट विचारा, एकटं सोडू नका, ९९८ वर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

समुपदेशक मराठी नसेल तर जाण्याआधी कालचा अख्खा दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत, आपल्या मराठीत कागदावर उतरवा. न जमलेलं आपण आपोआप लिहितोच, म्हणून जमलेलं आधी लिहा, मग ते कुकर लावणं का असेना. इंग्रजी येणाऱ्या मुलीला किंवा शेजारणीला, चालणार असेल तर, सोबत न्या आणि तिला तो कागद जसाच्या तसा वाचायला सांगा.